सरस-निरस मानाने वाटप: शेतजमिनीच्या दाव्यात मध्यस्थी केंद्राची सेवा कशी वाटली

आमच्या वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात सात वर्षे चालला आणि त्याच न्यायालयाच्या आवारातील मध्यस्थी केंद्रात पाच बैठकांत मिटला. या केंद्राच्या सेवेविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. भाऊबंदकीत अडकलेल्या अनेक घरांना अशी सोय आपल्या तालुक्यात आहे हेच ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांचाही समज असा असतो की, तेथे कोणी तरी वडीलधारी व्यक्ती बसून “जाऊ द्या, मिटवून टाका” असे सांगते. मीही असेच समजत होते.

आधी वाद काय होता ते सांगते. वडील २०११ मध्ये गेले. मागे आई, थोरले दादा, मी आणि धाकटा भाऊ. जमीन ३ हेक्टर ६० आर, तीन गटांत: ओढ्याकाठचा मळा १ हेक्टर २० आर, त्यातच विहीर; गावाजवळच्या डांबरी रस्त्याला लागून असलेली पट्टी ८० आर; आणि उरलेला १ हेक्टर ६० आर माळ. जमीन दादाच कसत होते. धाकटा नोकरीनिमित्त पिंपरीला, मी लग्नानंतर शेजारच्या तालुक्यात. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास माझ्याकडून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्र लिहून घेतले गेले. भावांना जमीन सोडायची, माहेरी चोळीबांगडीचा मान ठेवायचा, ही आमच्याकडची रीतच. म्हणून मीही फार विचार न करता सही केली. सातबाऱ्यावर आई आणि दोन भावांची नावे लागली. पुढे २०१६ मध्ये धाकट्याने वाटपाचा दावा दाखल केला तेव्हा मला प्रतिवादी क्रमांक ३ म्हणून समन्स आले आणि आपला या जमिनीशी अजून काही संबंध आहे हे मला त्या कागदावरून कळले.

कायद्याने माझा हिस्सा होता. ते हक्कसोडपत्र नोंदवलेले नव्हते, आणि स्थावर मिळकतीवरील हक्क सोडल्याचा दस्त नोंदणीशिवाय ग्राह्य धरला जात नाही. दादांच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, दुसरा मुद्दा असा होता की, माझे लग्न १९८९ मध्ये झाले असल्याने हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलींना हक्क देणाऱ्या १९९४ च्या महाराष्ट्र दुरुस्तीचा लाभ मला मिळत नाही. ती दुरुस्ती खरोखरच तिच्या आधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. परंतु त्याच कायद्यातील केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि तिने मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क दिला, लग्न झालेले असो वा नसो. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलेसुरले प्रश्नही सोडवले. आमच्या हिशेबात चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा येत होता. म्हणजे २०२० नंतर कोणाला किती, यावर वाद उरलाच नव्हता. तरीही दावा आणखी तीन वर्षे तारखांवर चालत राहिला, कारण कोणाला कोठले, हा प्रश्न जसाच्या तसा होता.

वाटपाच्या दाव्यात “सरस-निरस मानाने वाटप” असा शब्दप्रयोग प्रत्येक अर्जात येतो. चांगली आणि हलकी जमीन तोलून, बरोबरीने वाटावी, असा त्याचा अर्थ. न्यायालय हिस्से ठरवून प्राथमिक हुकूमनामा करते. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदार आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडे जाते. हुकूमनामा मिळाल्यावर या टप्प्यात आणखी वर्षे घालवलेली कुटुंबे आमच्याच भावकीत आहेत. दोन घरांमध्ये तर दावा आजोबांनी लावला आणि नातू तारखेला जातो. आमच्या न्यायाधीशांनी २०२३ च्या पावसाळ्यानंतर त्याच संहितेच्या कलम ८९ खाली प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले, तेव्हा तिन्ही वकिलांनी फारसा उत्साह दाखवला नाही. मलाही ती आणखी एक तारीखच वाटली.

केंद्र म्हणजे न्यायालयाच्या जुन्या इमारतीतील एक खोली. गोल टेबल, सात-आठ खुर्च्या, भिंतीवर विधी सेवा प्राधिकरणाचा फलक. तेथे कठडा नाही, पुकारा नाही, कोणी उभे राहून बोलत नाही. मध्यस्थ म्हणून नेमलेल्या बाई वकिली करणाऱ्याच होत्या, मात्र आमच्यापैकी कोणाच्याही बाजूच्या नव्हत्या. मध्यस्थांना चाळीस तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. शिवाय येथे जे बोलले जाईल ते न्यायालयापुढे पुरावा म्हणून येणार नाही, त्या निकाल देणार नाहीत, आणि न जमल्यास दावा होता तेथूनच पुढे चालेल, हेही स्पष्ट केले. आम्हा कोणाकडूनही या सेवेचा एक पैसा घेतला गेला नाही.

पहिली बैठक वाया गेली असे मला त्या दिवशी वाटले. सात वर्षांत साचलेले सगळे बाहेर आले. धाकटा म्हणाला की, दादांनी बारा वर्षे मळ्याचा ऊस एकट्याने खाल्ला. वहिनी म्हणाल्या की, सासऱ्यांच्या आजारपणात कोण होते ते आधी सांगा. बाईंनी कोणालाही थांबवले नाही. फक्त एकाचे बोलणे पुरे होईपर्यंत दुसऱ्याला बोलू दिले नाही. शेवटी त्यांनी प्रत्येकाला सांगितले की, पुढच्या वेळी येताना आपल्याला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा एक कागद किंवा एक वस्तू घेऊन या.

दादांनी कापडी पिशवी आणली. त्यात विहिरीच्या कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्या होत्या, १९८६ पासूनच्या. काही पावत्यांवरची शाई पुसट झाली होती, दोन-तीन पावत्या पाण्याने एकमेकींना चिकटल्या होत्या. कर्ज वडिलांच्या नावावर, पण पाणी लागेपर्यंत सुरुंगाने काळा पाषाण फोडण्याच्या कामावर विशीतले दादा रोज उभे असत आणि हप्ते फिटेपर्यंत त्यांनी शिक्षण सोडून शेतीच केली. “माझं कुणी मोजलंच नाही,” एवढेच ते म्हणाले. सात वर्षांच्या कैफियतीत हीच गोष्ट “प्रतिवादी क्रमांक १ यांनी स्वखर्चाने मिळकतीचा विकास केला” अशा एका ओळीत होती, आणि आमच्या वकिलांनी ती नियमाप्रमाणे नाकारली होती. मी ती पिशवी प्रथमच पाहत होते. धाकट्याचा जन्म विहिरीला पाणी लागल्यानंतरचा आहे. तो बराच वेळ पावत्या उलटसुलट करून बघत राहिला.

मला या सेवेचे खरे मोल येथे कळले. न्यायालयाला दाव्यात मागितलेल्या गोष्टीपलीकडे जाता येत नाही, आणि शेतीच्या वाटपातील निम्म्या गोष्टी दाव्यात मागताच येत नाहीत. कष्टाचा हिशेब, विहिरीवरची पाळी, पाइपलाइन कोणाच्या बांधावरून न्यायची, बैलगाडीची वाट, आईने कोणाकडे राहायचे: या टेबलावर हे सगळे मांडता आले. बाईंनी गटाचा नकाशा मोठा करून आणला होता आणि त्यावर पेन्सिलीने रेघा मारून प्रत्येकाला आपापली वाटणी आखायला लावली. तीन भावंडांच्या तीन आखण्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की, पट्टी कोणाला याबद्दल आमचा वाद मुळी नव्हताच. ती धाकट्याला हवी होती, दादांना ती नको होती, आणि सात वर्षांत हे कोणी कोणाला विचारले नव्हते.

तिसऱ्या बैठकीत त्या प्रत्येकाशी वेगवेगळ्या बोलल्या. माझ्याशी त्यांचे बोलणे सुमारे पाऊण तास चालले. दादा मला माळाऐवजी रोख रक्कम द्यायला तयार होते आणि माझ्या सासरच्या मंडळींनाही ते सोयीचे वाटत होते. बाईंनी मला तीनदा निरनिराळ्या तऱ्हेने विचारले की, हा निर्णय माझा आहे का. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी सांगितले की, मला पैसे नकोत. सातबाऱ्यावर माझे नाव हवे आहे आणि जमीन मला स्वतः कसून घ्यायची आहे. त्यांनी ते टिपून घेतले आणि माझी परवानगी घेऊनच भावांना सांगितले. बहिणीने हक्क मागितला की माहेर तुटते, या भीतीपोटी किती जणी सही करून मोकळ्या होतात, हे मी आमच्या गावात पाहिले आहे. त्या पाऊण तासात मला कोणी चांगुलपणा शिकवला नाही, याबद्दल मी त्या बाईंची कायम ऋणी राहीन.

कायद्याच्या बाजूनेही त्यांचे काम चोख होते. धाकट्याने विहिरीभोवतीचा आठ गुंठ्यांचा तुकडा सामाईक न ठेवता स्वतंत्र करून मागितला, तेव्हा तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ पासून बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र असल्याचे, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडता येत नसल्याचे, त्यांनी लगेच सांगितले, आणि ती सूचना तेथेच मागे पडली. गावठाणातील आमच्या जुन्या घराचा विषयही याच तडजोडीत उरकावा असे सर्वांना वाटत होते. पण घर दाव्यात नव्हते. तडजोडीच्या हुकूमनाम्यात दाव्याबाहेरची स्थावर मिळकत आली तर त्याची नोंदणी करावी लागते, म्हणून घराचा दस्त वेगळा करण्याचा सल्ला त्यांनी दिला. हे वेळेवर कोणी सांगितले नसते तर पुढे सगळा हुकूमनामाच अडकून पडला असता.

अखेर असे ठरले: दादांना मळ्यातील विहिरीकडचे ७० आर, धाकट्याला रस्त्याकडची पट्टी ८० आर, मला माळ १ हेक्टर १० आर, आणि आईला मळ्यातील ५० व माळावरील ५० आर. क्षेत्र कोणाचेही बरोबर ९० आर आले नाही, तरी सरस-निरस धरून चौघांनी ते मान्य केले. धाकट्याला रस्ता मिळाला म्हणून त्याने विहिरीच्या पाण्यावरचा हक्क सोडला. माझ्या माळाला पाणी नसेल तर ती जमीन नावापुरतीच राहील, म्हणून दादांच्या बांधाकडेने पाइपलाइन नेण्याचा हक्क आणि पाण्याची पाळी मला मिळाली.

पाळीचा तपशील मुद्दाम सांगते. आमच्या भागात शेतीपंपाला आठवड्यातील काही वारी दिवसा आणि उरलेल्या वारी रात्री वीज येते. पाळी सात दिवसांची ठेवली असती तर ज्याच्या वाट्याला रात्रीचे वार आले, त्याला बाराही महिने रात्रीच पाणी धरायला जावे लागले असते. बाईंनी दादांनाच विचारले की, यावर तुम्ही काय कराल. दादा म्हणाले की, आठ दिवसांची पाळी धरा, म्हणजे प्रत्येक फेरीला वार एकाने सरकतो. तसेच ठरले: दादांचे चार दिवस, आईचे दोन, माझे दोन. मोटरीच्या दुरुस्तीचा खर्च पाळीच्या दिवसांच्या प्रमाणात, आणि आईच्या वाट्याचा खर्च तिची जमीन जो कसेल त्याने द्यायचा, हे नववे कलम. आईची जमीन दादा कसणार. तिला वर्षाला दोन पोती शाळू, एक पोते हरभरा, आणि औषधपाण्याचा खर्च आम्हा तिघांत सारखा. आई सगळ्या बैठकांना आली होती. हे कलम मोठ्याने वाचले तेव्हा तिने एकच दुरुस्ती सुचवली, ती म्हणजे शाळू निवडलेला हवा. बाईंनी ‘निवडलेला’ हा शब्द घातला.

तडजोड मार्च २०२४ मधील राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली गेली. लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील चालत नाही, आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. ते धाकट्याला मिळालेही.

आता उणिवांकडे वळते, कारण त्या कमी नाहीत. सर्वांत मोठी उणीव म्हणजे केंद्राची साथ सहीपाशी संपते. हुकूमनामा हातात आला म्हणजे सातबारा बदलला, असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, तहसीलदारांचा आदेश, हिस्स्यांची मोजणी, पोटहिस्स्यांचे आकारफोड (शेतसाऱ्याची विभागणी), मग फेरफार, त्यावरील हरकतीची पंधरा दिवसांची मुदत आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, एवढे टप्पे पुढे होते. याचा एक पानाचा मार्गदर्शक कागद जरी केंद्राने हातात दिला असता तरी आमचे चार महिने वाचले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तडजोडीच्या मसुद्यात माळाची विभागणी “पूर्वेकडील बाजू” आणि “पश्चिमेकडील बाजू” अशी लिहिली होती, आणि पेन्सिलीने आखलेला तो नकाशा हुकूमनाम्याला जोडलाच गेला नाही. मोजणीला आलेल्या भूकरमापकांनी विचारले की, रेघ बांधाला समांतर धरायची की ओढ्याला. दोन्हींत सुमारे सहा गुंठ्यांचा फरक पडत होता. दादा आणि मी तेथेच उभ्या उभ्या ठरवून पंचनाम्यावर सह्या केल्या म्हणून निभावले. मनात अढी असती तर नव्या दाव्याला तेवढेही पुरले असते. मोजणी आधी आणि तडजोड नंतर, किंवा निदान चतुःसीमांचा नकाशा हुकूमनाम्यासोबत, हा नियम शेतजमिनीच्या प्रत्येक मध्यस्थीत असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. जे जाणार असतील त्यांनी तो हट्ट स्वतःच धरावा.

तिसरे, तारखा. पाचपैकी एका बैठकीला मध्यस्थ दुसऱ्या न्यायालयात अडकल्या आणि ऐंशी वर्षांची आई तीन तास व्हरांड्यात बसून राहिली. तेथे पाण्याची सोय नव्हती आणि स्वच्छतागृह पायऱ्या उतरून मागच्या बाजूला होते. वृद्ध पक्षकार असलेल्या प्रकरणांत एवढा विचार व्हायला हवा.

वकिलाच्या खर्चाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी विनामूल्य वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय त्या मध्यस्थीच्या खोलीला लागूनच होते, आणि मी सात वर्षे त्याच्यासमोरून जात होते. ज्यांचा वाद अजून न्यायालयात गेलेला नाही त्यांना दाव्यापूर्वीच याच समितीमार्फत समेटाचा प्रयत्न करता येतो. आपसांत एकमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला आहे.

गुणच द्यायचे तर मध्यस्थीला मी पाचपैकी साडेचार देईन आणि तिच्या पुढच्या कागदोपत्री व्यवस्थेला दोन. ज्यांच्या घरात बळजबरी किंवा मारहाण झाली आहे, अथवा एखाद्याने परस्पर जमीन विकून टाकली आहे, त्यांनी मात्र आधी मनाई हुकूम मिळवावा आणि मगच या टेबलाशी बसावे. समोरचा दरम्यान खरेदीखत करून मोकळा होत असेल तर बोलण्याला अर्थ राहत नाही.

माझे नाव जानेवारी २०२५ मध्ये लागले. पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेतला. भोगवटादार वर्ग १, क्षेत्र १ हेक्टर १० आर, आणि माझे माहेरच्या आडनावासह पूर्ण नाव. त्याच वर्षी चैत्रात, ऐन उन्हाळ्यात, विहिरीवरची साडेसात अश्वशक्तीची मोटर जळाली. पाळी माझी होती. जुन्या सवयीने मला वाटले की, आता कोणाच्या हातून जळाली यावरून बोलणी सुरू होतील. संध्याकाळी दादांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वायंडिंगच्या बिलाचा फोटो टाकला: ६,४०० रुपये. खाली लिहिले होते, “नववे कलम. माझे ३,२००, आईचे १,६०० मीच देतो, ताईचे १,६००.” मी लगेच पैसे पाठवले, आणि तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला पुतण्याने माझ्या माळावर पाणी सोडले.